फुटामागं एक सूत

फियाट अकराशे, चौसष्टची.
गडहिंग्लजला एका सॉमिलच्या मागं उभी होती,
सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.
आणली त्याला नऊ वर्षं झाली.
बिजागरं, हबकॅप, दाराचे कान, सगळं मूळचं.
नेजदारांनी भिंग लावून तपासली
आणि मान डोलावली. त्या मानेवर मी वर्षभर जगलो.

शालन तिच्यात तीनदा बसली.
तिसऱ्यांदा चैत्रात, शिरोलीच्या फाट्यावर,
उतरून रिक्षा केली.
म्हणाली, "जन्मभर तुमच्या भट्ट्याच ऐकल्या.
आता ही चाकावरची नको.
माझ्या आत काय कमी पेटलंय?"

पन्नाशीचं ते पेटणं.
रात्री दोनला उठून ती फरशीवर झोपायची.
मी कूस बदलायचो.
एवढंच करायचो.

मग उद्यमनगरात दस्तगीरकडं गाडी लावली.
बॉनेट उघडून तो बराच वेळ गप्प.
"मारुतीचा कंप्रेसर बसंल.
कंडेन्सर रेडिएटरच्या म्होरं.
डायनामोला झेपणार न्हाई, अल्टरनेटर घाला.
आणि हितं," त्यानं बोट ठेवलं,
"दोन भोकं पाडावी लागतील."

इंजिन आणि माणसं यांच्यामधला तो पत्रा.
नेजदारांचा फोन आला. मी उचलला नाही.

ब्रॅकेट कुठंच मिळणार नव्हतं, ते मी केलं.
एकतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले,
पंपांचे, उसाच्या चरकांचे,
नाव माहीत नसलेल्या कुठल्या कुठल्या यंत्रांचे.
सागाचा तुकडा घेतला
आणि पेटीतून ती वेगळी पट्टी काढली,
जिचा फूट खऱ्या फुटाहून सूतभर मोठा.

बीड ओततात तेव्हा साचा गच्च भरतो.
थंड होताना ते आक्रसतं, फुटामागं एक सूत.
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं ठेवायचं,
थंड होण्याला जागा द्यायची.
विसाव्या वर्षी आण्णू मेस्त्रींनी डोक्यात टपली मारून शिकवलेलं.
घरी ही पट्टी कधी आणलीच नाही.
तिथं सगळं मापाला माप.
आणि पुढं भोकाला भोक जुळेना
तेव्हा कानस तिच्यावरच चालवली.

ड्रिल दस्तगीरनं माझ्या हातात दिलं.
"माझ्यानं न्हाई व्हायचं. तुमीच मारा."
पत्रा किंचाळला, गरम कीस मनगटाला चिकटला.
भोकाच्या कडेला मरून रंग,
मरूनच्या खाली निळा,
निळ्याच्या खाली पिस्त्याच्या सालीसारखा हिरवा.
नऊ वर्षं ज्याला मूळचं म्हणत होतो
ते दोन थर वरचं होतं.

रात्रभर व्हॅक्यूम पंप चालला.
सकाळी गॅस भरला, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला.
आम्ही दोघं उकिडवे बसून
बुडबुडा यायची वाट बघत राहिलो.
आला नाही.
डायनामो तेलाच्या कागदात गुंडाळून
माळ्यावर ठेवला. नेजदारांसाठी म्हणा हवं तर.

मे महिन्यातला रविवार. जोतिबाला निघालो.
काचा वर. बाहेरचं कोल्हापूर मुक्या बायोस्कोपसारखं.
शालननं पदर सैल सोडला,
डोळे मिटले, केस भुरभुरत होते.
तिचा श्वास ऐकू येत होता.
मी हॉर्न वाजवायचं टाळत होतो.

केर्लीच्या पुढं चढ लागला.
चाळीस घोडे, त्यातले चार थंडीला जुंपलेले.
काटा लाल रेघेकडं सरकला,
मी काही बोललो नाही, घाम मात्र फुटला, गारव्यात.
तिनंच डोळे उघडले.
"धापा टाकतीय की ही," म्हणाली
आणि हात लांबवून बटण फिरवलं,
त्रिकोणी काच ढकलली.
भक्कन ऊन आत आलं, वाळल्या गवताचा वास आला.

दुसरा गियर टाकला.
वळणावर बघितलं तर तिनं
बंद झालेल्या जाळीपुढं तळवा धरलेला.
"येतंय अजून," म्हणाली.
"थोडं."